बार मिट्झ्वा विधीसाठी बालकाची पूर्वतयारी : वाचन, पाठांतर आणि जबाबदारी

बीजशब्द : ज्यू धर्म, बार मिट्झ्वा, बात मिट्झ्वा, तोरा-वाचन, स्वरांकन, पाठांतर, बेने इस्रायल.

१. प्रस्तावना

बाल्यावस्थेतून प्रौढावस्थेकडे होणाऱ्या संक्रमणाची नोंद प्रत्येक समाजाने कोणत्या ना कोणत्या संस्काराद्वारे घेतलेली आहे. ज्यू धर्मपरंपरेत या संस्काराला मुलांच्या बाबतीत 'बार मिट्झ्वा' आणि मुलींच्या बाबतीत 'बात मिट्झ्वा' असे म्हणतात. 'बार' हा पुत्र या अर्थाचा अरामी शब्द असून 'बात' हा कन्या या अर्थाचा हिब्रू शब्द आहे. 'मिट्झ्वा' म्हणजे धर्माज्ञा. आज्ञांचे पालन ज्याच्यावर बंधनकारक झाले आहे तो 'आज्ञेचा पुत्र' होय.

या संस्काराविषयी मराठीत जे थोडे लेखन आढळते, ते मुख्यतः विधीच्या दिवसाचे वर्णन करणारे आहे. सिनेगॉगमधील समारंभ, भोजन, भेटवस्तू यांकडे लक्ष वेधले जाते. परंतु त्यामागे असलेली वर्ष-दीड वर्षाची शिकवणी दुर्लक्षित राहते. वास्तविक या संस्काराचा गाभा त्या शिकवणीतच आहे. बारा-तेरा वर्षांचे मूल एका प्राचीन भाषेतील, स्वरचिन्हे व विरामचिन्हे नसलेला मजकूर संपूर्ण समाजासमोर शुद्ध स्वरात वाचून दाखवते आणि त्यावर स्वतःचे विवेचन मांडते, ही शैक्षणिकदृष्ट्या साधी गोष्ट नाही. ती कशी साध्य होते आणि ती साध्य करताना कोणता धोका संभवतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्यात आले आहे.

२. लेखाची उद्दिष्टे

(१) बार मिट्झ्वा या संकल्पनेचे धर्मशास्त्रीय स्वरूप स्पष्ट करणे.
(२) पूर्वतयारीचे टप्पे व अध्यापन पद्धती समजून घेणे.
(३) या तयारीत पाठांतर व वाचन यांचे परस्परसंबंध तपासणे.
(४) कोकणातील मराठीभाषक बेने इस्रायल समाजाच्या संदर्भात या तयारीचे महत्त्व विशद करणे.

३. वय, दर्जा आणि विधी

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मराठी वाचकास बार मिट्झ्वा म्हटले की स्वाभाविकपणे मुंजीची आठवण होते. दोहोंत साम्य आहे. परंतु एक मूलभूत भेदही आहे. उपनयनात संस्कारामुळे अधिकार प्राप्त होतो. ज्यू धर्मशास्त्रानुसार मात्र प्रौढत्वाचा दर्जा विधीमुळे मिळत नाही, तो वयामुळे आपोआप प्राप्त होतो. मुलगा तेरा वर्षे पूर्ण करून चौदाव्या वर्षात पदार्पण करतो, तेव्हा समारंभ झालेला असो वा नसो, तो आज्ञापालनास बांधील ठरतो. मुलीच्या बाबतीत पारंपरिक मर्यादा बारा वर्षांची आहे. काही सुधारणावादी प्रवाहांत दोघांसाठीही तेरा वर्षे मानली जातात. मिश्ना या ग्रंथातील 'आवोत' प्रकरणात मानवी आयुष्याचे टप्पे सांगताना तेरावे वर्ष आज्ञापालनाचे म्हणून निर्दिष्ट केले आहे.

वयाची ही गणना हिब्रू पंचांगानुसार होते. हे पंचांग आपल्या पंचांगाप्रमाणेच चांद्र-सौर असून त्यात १९ वर्षांच्या चक्रात ७ वेळा अधिक महिना येतो. तो 'अदार' महिन्याच्या ठिकाणी येतो. सामान्य वर्षातील अदारमध्ये जन्मलेल्या मुलाचे तेरावे वर्ष अधिक महिन्याच्या वर्षात पूर्ण होत असेल, तर त्याचा बार मिट्झ्वा दुसऱ्या अदारमध्ये मानला जातो. तारखेवरून त्या आठवड्याचा वाचन-भाग ठरत असल्याने तयारीचा आरंभच पंचांग पाहून होतो.

दर्जा आपोआप मिळत असेल तर तयारीचे प्रयोजन काय, हा प्रश्न उपस्थित होतो. ज्यू परंपरेचे उत्तर 'हिनुख' या शब्दात आहे. मूल वयात येण्यापूर्वीच त्याला आज्ञापालनाची सवय लावणे हे पालकांचे कर्तव्य मानले गेले असून त्यास हिनुख असे म्हणतात. आधुनिक हिब्रूत 'शिक्षण' या अर्थी हाच शब्द रूढ आहे. मूल वयात येताच पिता एक लहानसे आशीर्वचन उच्चारतो. त्याचा आशय असा की, या मुलाच्या कृत्यांची जबाबदारी आता माझ्यावर नाही, ती त्याच्या स्वतःवर आहे. म्हणजेच तयारीचा हेतू एखादा अधिकार मिळवणे हा नसून, ठरलेल्या दिवशी येणारच असलेली जबाबदारी पेलण्यास समर्थ होणे हा आहे.

४. ऐतिहासिक पार्श्वभूमी

बायबलमध्ये या विधीचा उल्लेख नाही. ताल्मुदच्या काळात अज्ञान बालकासही तोरा-वाचनासाठी पाचारण करता येत असे. पुढे मध्ययुगात जर्मनी व आसपासच्या प्रदेशांतील ज्यू समाजात असे काही धार्मिक मान तेरा वर्षांपर्यंत राखून ठेवण्याची प्रथा पडली. साहजिकच प्रथम वाचनाला बोलावले जाणे ही वयात येण्याची जाहीर खूण ठरली. येमेनमधील ज्यूंनी मात्र जुनी रीत टिकवली. तेथे लहान मुले सभेत तोरा वाचत असत, त्यामुळे तेराव्या वर्षीच्या वाचनाला तेथे विशेष समारंभाचे रूप आले नाही.

मुलाच्या प्रवचनाची प्रथाही जुनी आहे. १६ व्या शतकातील पोलंडमधील धर्मशास्त्री श्लोमो लुरिया यांनी बार मिट्झ्वाच्या भोजनास धार्मिक कृत्याचा दर्जा देताना मुलाच्या प्रवचनाला महत्त्व दिले आहे. समारंभाचा अतिरेकही तितकाच जुना दिसतो. क्राकोव्ह येथील ज्यू पंचायतीने १५९५ मध्ये या मेजवान्यांवर कर बसवून खर्चाला आळा घालण्याचा प्रयत्न केला होता. विधीचा विस्तार विद्येच्या दिशेने व्हावा की मेजवानीच्या, हा वाद त्यामुळे आजचा नाही.

५. पूर्वतयारीचे टप्पे

धर्मशास्त्राच्या दृष्टीने किमान अपेक्षा अल्प आहे. वाचनाच्या वेळी व्यासपीठावर येऊन वाचनापूर्वीचे व नंतरचे आशीर्वचन म्हणणे एवढ्यावर विधी संपन्न होतो. अध्ययनात अडचण असलेल्या मुलांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. कारण वाचता आले नाही म्हणून कोणी अपूर्ण राहत नाही. यापुढील सर्व गोष्टी प्रथेने वाढत गेलेल्या आहेत. सर्वसाधारणपणे समारंभाची तिथी बरीच आधी निश्चित केली जाते आणि विशेष शिकवणी सुमारे एक वर्ष आधी सुरू होते. तिचे टप्पे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

(अ) लिपी व उच्चार : हिब्रू लिपीत २२ व्यंजने असून ती उजवीकडून डावीकडे लिहिली जातात. पाच अक्षरांची रूपे शब्दाच्या शेवटी बदलतात. नवशिक्यांसाठीच्या पुस्तकांत अक्षरांच्या खाली-वर ठिपके व रेघा देऊन स्वर दर्शविलेले असतात. या आधारे मूल प्रथम सावकाश व नंतर सलग वाचू लागते.

(आ) स्वराविना वाचन : खरी कसोटी येथून सुरू होते. सिनेगॉगमध्ये वाचली जाणारी तोराची गुंडाळी चर्मपत्रावर हाताने लिहिलेली असते. तीत परंपरेनुसार ३,०४,८०५ अक्षरे आहेत; मात्र स्वरचिन्ह नाही, वचनाच्या शेवटी विराम नाही आणि गायनाची खूणही नाही. द-ब-र ही तीन व्यंजने संदर्भानुसार 'दावार' (शब्द), 'देवेर' (रोगाची साथ) किंवा 'दिबेर' (तो बोलला) अशी वाचली जाऊ शकतात. दोन स्वरांमध्ये वा स्वरानंतर येणाऱ्या 'ब'चा उच्चार येथे 'व' होतो. कोणता उच्चार योग्य, हे वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असावे लागते.

(इ) स्वरांकन : तोराचे वाचन सपाट आवाजात होत नाही, ते सुरात होते. इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या सुमारास तिबेरियास येथील मासोरा-पंडितांनी स्वरचिन्हांबरोबरच गायनचिन्हांचीही पद्धती स्थिर केली. या पद्धतीने संपूर्ण बायबल असलेले सर्वांत जुने उपलब्ध हस्तलिखित १००८ सालचे असून ते लेनिनग्राड हस्तलिखित या नावाने ओळखले जाते. ही चिन्हे तीन कामे करतात : आघात कोणत्या अवयवावर आहे ते सांगतात, सूर सांगतात आणि शब्दांची जोड-तोड दाखवून वाक्याचा अन्वय स्पष्ट करतात. याचे प्रसिद्ध उदाहरण यशयाच्या ४० व्या अध्यायातील तिसऱ्या वचनात आढळते. पुकारणारा रानात उभा आहे, की मार्ग रानात तयार करायचा आहे, हे केवळ शब्दांवरून ठरत नाही. ख्रिस्ती शुभवर्तमानांत पहिला अन्वय स्वीकारला गेला. मासोरा-पंडितांनी मात्र 'पुकारणे' या शब्दानंतर विराम देऊन दुसरा अन्वय निश्चित केला. म्हणजे सूर शिकणारे मूल नकळत व्याकरणही शिकत असते. तोरा व संदेष्ट्यांचे ग्रंथ यांसाठी चिन्हे तीच असली तरी चाली भिन्न आहेत. शिवाय युरोपीय, सेफार्दी व येमेनी परंपरांच्या चालीही निरनिराळ्या आहेत.

(ई) नेमलेला भाग : तोराची विभागणी ५४ साप्ताहिक भागांत केलेली असून वर्षभरात संपूर्ण वाचन पूर्ण होते. शब्बाथच्या सकाळी सात जणांना क्रमाने वाचनासाठी बोलावले जाते. त्यानंतर 'माफ्तीर' म्हणून आणखी एकास बोलावतात व तो संदेष्ट्यांच्या ग्रंथातील 'हफ्तारा' हा उतारा वाचतो. हे शेवटचे वाचन बार मिट्झ्वाच्या मुलाकडे देण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. हफ्तारा सामान्यतः स्वरचिन्हे असलेल्या छापील पुस्तकातून वाचता येत असल्याने तो लांब असूनही तुलनेने सोपा जातो. तोरा थोडी असली तरी कठीण जाते.

सरावासाठी 'तिक्कुन' नावाचे पुस्तक वापरतात. त्यात एकाच मजकुराचे दोन स्तंभ शेजारी-शेजारी छापलेले असतात : एकात स्वर व गायनचिन्हांसह, दुसऱ्यात गुंडाळीत असतो तसा उघडा. विद्यार्थी पहिला स्तंभ वाचतो, मग दुसऱ्याकडे वळतो, अडला की पुन्हा पहिल्याकडे येतो. वर्षाअखेरीस पहिल्या स्तंभाची गरज उरू नये, ही अपेक्षा असते. आधार क्रमाक्रमाने काढून घेण्याची इतकी सुटसुटीत योजना पाठ्यपुस्तकांत क्वचितच पाहावयास मिळते. तेराव्या वर्षी मुलांचा आवाज फुटत असतो, म्हणून अनुभवी शिक्षक सूर प्रथमपासूनच खालच्या पट्टीत बसवतात.

(उ) तेफिलीन व तल्लीत : तेफिलीन म्हणजे चर्मपट्ट्यांनी दंडावर व कपाळावर बांधायच्या दोन लहान पेट्या. त्यांत निर्गम व अनुवाद या ग्रंथांतील चार उतारे हस्तलिखित स्वरूपात असतात. शब्बाथ व सणवार वगळता दररोज सकाळच्या प्रार्थनेत त्या धारण करतात. दंडावरील पट्टी कशी आवळावी, कपाळावरील पेटी नेमकी कोठे यावी, हे शब्दांनी शिकवता येत नाही. म्हणून पारंपरिक घरांत तेराव्या वर्षाच्या काही आठवडे आधीपासून वडील किंवा आजोबा मुलाच्या शेजारी उभे राहून ते करून घेतात. तल्लीत ही चार कोपऱ्यांना गोंडे असलेली प्रार्थनेची शाल होय. ती कोणत्या वयापासून पांघरावी याविषयी प्रथा भिन्न असून काही युरोपीय परंपरांत ती विवाहानंतरच घेतात.

(ऊ) प्रवचन : नेमलेल्या भागावर मूल स्वतःचे विवेचन तयार करते. काही मुलांच्या वाट्याला सृष्टीच्या उत्पत्तीची कथा येते, तर काहींच्या वाट्याला कुष्ठसदृश व्याधींचे किंवा यज्ञबळींचे नियम. दुसऱ्या प्रकारच्या भागातून आजच्या जीवनाशी जुळणारा प्रश्न शोधून काढणे यात मुलाच्या व शिक्षकाच्या बुद्धीचा कस लागतो. आजारी माणसाला वस्तीबाहेर ठेवावे काय आणि तो परत कसा यावा, हा प्रश्न बारा वर्षांच्या मुलासही विचार करावयास लावणारा आहे. याला जोडून अलीकडे अनेक ठिकाणी मुलाने काही महिने एखादे सेवाकार्य करावे अशीही अपेक्षा ठेवली जाते.

६. पाठांतर की वाचन?

या सर्व तयारीच्या मुळाशी एक विलक्षण नियम आहे. ताल्मुदमधील तत्त्वानुसार जे लिखित आहे ते तोंडपाठ म्हणता येत नाही. सार्वजनिक वाचनात वाचणाऱ्याची दृष्टी अक्षरांवरच असली पाहिजे. चर्मपत्राला बोट लावत नाहीत म्हणून हाताच्या आकाराच्या 'याद' नावाच्या दर्शिकेने ओळ दाखवली जाते. परंतु स्वर व सूर पानावर नसल्याने ते स्मरणात असल्याखेरीज वाचनही शक्य नाही. म्हणजे स्मरणाशिवाय वाचता येत नाही आणि केवळ स्मरणातून वाचणे मान्य नाही.

भारतीय परंपरेशी तुलना केली असता हे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. वेदपठणात मौखिकतेला सर्वोच्च स्थान असून पाणिनीय शिक्षेत लिखित वाचून म्हणणाऱ्याची गणना अधम पाठकांत केली आहे. ज्यू परंपरेने नेमकी उलट भूमिका घेतली. दोन्ही परंपरांचा हेतू मात्र एकच दिसतो. मजकुरात एका वर्णाचाही फरक पडू नये. एकीने त्यासाठी कंठावर विश्वास ठेवला, तर दुसरीने कंठावर डोळ्यांचा पहारा बसवला.

चुकीविषयीची व्यवस्थाही याच विचारातून आली आहे. वाचकाच्या बाजूला उभे असलेले 'गब्बाई' छापील प्रतीत पाहत असतात. अर्थ बदलणारी चूक झाल्यास ते तेथल्या तेथे शब्द दुरुस्त करतात व वाचकाला तो पुन्हा वाचावा लागतो. हा नियम वयोवृद्ध वाचकास जसा लागू आहे, तसाच तेरा वर्षांच्या मुलासही. त्यामुळे चांगला शिक्षक मुलाला केवळ अचूक वाचन शिकवीत नाही. चूक सांगितली गेल्यावर न गोंधळता मागे येऊन पुढे कसे जावे, याचाही तो सराव करून घेतो.

धोका येथेच आहे. शिक्षकाने आपल्या आवाजात मुद्रित केलेला उतारा ऐकून तो जसाच्या तसा म्हणावयास शिकणे ही पद्धत कॅसेटच्या काळात रूढ झाली आणि आज भ्रमणध्वनीमुळे ती अधिकच सुलभ झाली आहे. या मार्गाने तीन-चार महिन्यांत समारंभ निर्दोष पार पडू शकतो. नजर गुंडाळीवर असते, दर्शिका ओळीवरून सरकत असते, सूरही बरोबर लागतो. परंतु दोन ओळी वगळून मधूनच वाचण्यास सांगितले तर मूल थांबते. त्याने मजकूर आत्मसात केलेला नसतो, एक ध्वनिमालिका आत्मसात केलेली असते. पुढच्या आठवड्याचा भाग त्याला वाचता येत नाही आणि म्हणून पुढच्या आठवड्यात तो येतही नाही. बार मिट्झ्वा झाल्यावर मुलांचे धार्मिक शिक्षण तेथेच थांबते, ही अनेक देशांतील ज्यू शिक्षकांची जुनी तक्रार आहे. जबाबदारीचा आरंभ म्हणून योजलेला दिवस अशा वेळी शिक्षणाचा शेवट ठरतो.

यावर अनुभवी शिक्षक काही उपाय योजतात. प्रथम चिन्हांची चाल स्वतंत्रपणे शिकवून मग ती मुलाला स्वतः मजकुरावर बसवावयास सांगणे. मुद्रित आवाज केवळ पडताळणीसाठी, शेवटी देणे. नेमलेल्या भागाबाहेरील दोन-चार वचने अधूनमधून वाचावयास देणे. आणि प्रत्येक वचनाचा अर्थ मुलाच्या बोलभाषेत त्याच्याकडूनच काढून घेणे. या पद्धतीला वेळ अधिक लागतो आणि समारंभाच्या दिवशी श्रोत्यांना दोन्ही प्रकारच्या मुलांत फरक जाणवेलच असे नाही. पालकांना ती पटवणे म्हणूनच कठीण जाते.

७. मुलींची पूर्वतयारी

मुलीही वयात येताच आज्ञापालनास बांधील होत असल्या, तरी त्यांच्यासाठी जाहीर विधी दीर्घकाळ नव्हता. १९ व्या शतकात बगदादचे धर्मगुरू योसेफ हाईम यांनी बाराव्या वर्षी मुलीला नवे वस्त्र घालून आनंदभोजन करावे असे सुचविले होते. तोरा-वाचनाशी जोडलेला बात मिट्झ्वा मात्र १८ मार्च १९२२ रोजी न्यूयॉर्क येथे ज्युडिथ कॅप्लन हिच्या रूपाने प्रसिद्धीस आला. तिचे वडील मॉर्डेकाई कॅप्लन हे धर्मगुरू होते. वाचन करावयाचा उतारा वडिलांनी तिच्याकडून आदल्या रात्री म्हणवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी तिने तो गुंडाळीतून नव्हे, तर छापील पुस्तकातून वाचला. वर्षभराची शिकवणी मुलांना मिळत असताना तिला एक रात्र मिळाली, ही बाब बोलकी आहे. पुढे अमेरिकेतील सुधारणावादी व मध्यममार्गी प्रवाहांत मुलींची तयारी मुलांसारखीच होऊ लागली. १९७३ मध्ये मध्यममार्गी प्रवाहाच्या धर्मशास्त्र समितीने प्रार्थनेसाठी लागणाऱ्या दहा जणांत स्त्रियांचीही गणना करण्यास मान्यता दिली. सनातनी सिनेगॉगमध्ये आजही मुली सामान्यतः पुरुषांच्या सभेत तोरा वाचत नाहीत. तेथे अभ्यास, प्रवचन व सेवाकार्य यांवर भर दिला जातो.

८. कोकणातील बेने इस्रायल

या विषयाचा महाराष्ट्राशी असलेला संबंध बेने इस्रायल समाजाच्या रूपाने स्पष्ट होतो. आपले पूर्वज जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले अशी या समाजाची परंपरागत श्रद्धा आहे. तेलाचे घाणे चालवणारा आणि शनिवारी काम बंद ठेवणारा हा समाज 'शनिवार तेली' म्हणून ओळखला जाई. सुंता, शब्बाथ, आहाराचे नियम आणि 'शेमा' ही प्रार्थना त्यांनी जपली. परंतु हिब्रू ग्रंथ व वाचनाची परंपरा त्यांच्याकडे उरली नव्हती. धर्म टिकला, पण मजकूर हरवला, अशी ही स्थिती होती. सभेत तोरा वाचण्यावर आधारलेल्या संस्काराला तेथे आधारच नव्हता.

मजकूर परत कसा आला, हा शिक्षणाच्या इतिहासातील उद्‌बोधक अध्याय आहे. मुंबईत १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी 'शआर हारहमीम' हे सिनेगॉग उभारले. १९ व्या शतकात कोचीनच्या ज्यूंनी येथे येऊन प्रार्थना व वाचन शिकवले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. त्यांचा उद्देश धर्मप्रसाराचा असला, तरी शिकलेल्या हिब्रूने या समाजाला स्वधर्माच्याच अधिक निकट आणले. वल्हांडण सणाची 'हग्गादा' हिब्रू-मराठीत १८४६ मध्ये मुंबईत व १८७४ मध्ये पुण्यात छापली गेली. हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये मुंबईत स्थापन झालेली इस्रायली शाळा पुढे सर एली कदूरी शाळा म्हणून नावारूपाला आली. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी अनेक हिब्रू प्रार्थनांचे मराठीत भाषांतर केले. बेने इस्रायल मुलाला प्रार्थनेचा अर्थ मातृभाषेत उपलब्ध झाला तो या पिढीच्या श्रमांमुळे.

मराठीभाषक मुलाच्या दृष्टीने हिब्रू उच्चारांत काही सोयी व काही अडचणी आहेत. आधुनिक हिब्रूतील 'त्स' हा वर्ण 'चाक' शब्दातील दंततालव्य 'च'ला जवळचा असल्याने तो सहज उच्चारता येतो. कंठातून घासून येणारा 'ख' मात्र सरावाने साधावा लागतो. याशिवाय शिक्षकापुढे परंपरेचा प्रश्न असतो. 'शब्बाथ', 'आबोथ', 'सुक्काथ' हे 'थ'कारयुक्त उच्चार येथील सिनेगॉगांच्या नावांत व प्रार्थनेत रूढ आहेत, तर इस्रायलमध्ये 'शब्बात', 'आवोत' असे म्हणतात. मुलाला आजोबांचा उच्चार शिकवावा की इस्रायलमधील चुलतभावाचा, हा निर्णय केवळ ध्वनिशास्त्राचा नाही. देवनागरीत हिब्रू लिहून देण्याची सोयही अशीच दुधारी आहे. प्रार्थनेत सहभागी होण्यास ती उपयुक्त ठरते. परंतु गुंडाळीतील वाचनासाठी तिच्यावर विसंबता येत नाही.

१९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलमध्ये स्थायिक झाली. तेथे त्यांच्या ज्यू असण्याविषयी काही धर्मगुरूंनी शंका घेतल्या. त्याविरुद्धच्या संघर्षानंतर १९६४ मध्ये त्यांना सर्वार्थाने ज्यू म्हणून मान्यता मिळाली. आज भारतात ज्यूंची संख्या काही हजारांपुरतीच उरली असून त्यांची वस्ती मुख्यतः मुंबई-ठाणे परिसरात आहे. अलिबाग, पेण यांसारख्या गावी सिनेगॉग आहेत, पण कुटुंबे थोडी आहेत.

या परिस्थितीत बार मिट्झ्वाच्या तयारीला निराळेच महत्त्व प्राप्त होते. तोराच्या जाहीर वाचनासाठी दहा प्रौढांची उपस्थिती, म्हणजे 'मिन्यान', आवश्यक असते. नऊ जण जमले तर गुंडाळी पवित्र कपाटातून बाहेर काढून वाचता येत नाही. तेरा वर्षांचा मुलगा दहावा म्हणून मोजला जातो, तेव्हा 'जबाबदारी' हा शब्द त्याच्यापुरता अमूर्त राहत नाही. आणि दहा जण जमूनही त्यांपैकी एकालाही वाचता येत नसेल, तर तीच अडचण दुसऱ्या रूपाने उभी राहते. मोठ्या वस्तीत एखाद्या मुलाने ध्वनिमुद्रण ऐकून उतारा पाठ केला, तर हानी त्या मुलापुरती राहते. वाचक इतर असतात. छोट्या वस्तीत मात्र वाचायला न शिकलेला प्रत्येक मुलगा म्हणजे पुढील पन्नास वर्षांसाठी गमावलेला एक वाचक होय. एकदा मजकूर हरवून तो परत मिळवलेल्या समाजाला याची जाणीव करून देण्याची गरज नाही.

९. निष्कर्ष

(१) बार मिट्झ्वामध्ये प्रौढत्वाचा दर्जा वयाने प्राप्त होतो, विधीने नव्हे. म्हणून या संस्काराचे मूल्यमापन समारंभावरून न करता पूर्वतयारीवरून करणे युक्त ठरते.

(२) तिक्कुनमधील दोन स्तंभ, क्रमाने कमी होणारा आधार, तत्काळ होणारी चूकदुरुस्ती आणि स्वतंत्र विवेचन हे या तयारीचे घटक शिक्षणशास्त्रीयदृष्ट्या सुसंगत आहेत.

(३) पाठांतर हे या वाचनाचे अपरिहार्य साधन आहे; मात्र ते वाचनाची जागा घेऊ लागले की विधी पार पडतो आणि अध्ययन थांबते.

(४) अल्पसंख्य समाजात या तयारीचा संबंध व्यक्तीच्या संस्कारापुरता न राहता सामुदायिक उपासनेच्या सातत्याशी येतो.

समारोप

महाविद्यालयीन अध्यापकांनी या विषयाकडे केवळ एका दूरच्या धर्माचा विधी म्हणून पाहू नये असे सुचवावेसे वाटते. परीक्षेत अचूक उत्तर लिहिणारा, परंतु त्याच विषयाचे न नेमलेले पान समोर ठेवताच थांबणारा विद्यार्थी आपल्या वर्गातही असतो. ज्यू शिक्षकाकडे त्याची पारख करण्याचे एक साधे साधन आहे : नेमलेला भाग संपल्यावर गुंडाळी थोडी पुढे सरकवून मुलाला पुढील वचन वाचावयास सांगणे. आपल्या अध्यापनात व मूल्यमापनात त्याच्याशी समांतर असे कोणते साधन योजता येईल, याचा विचार प्रत्येक विषयाच्या अध्यापकाने आपापल्या परीने करणे आवश्यक आहे.